‘मेख’ शब्दाची व्युत्पत्ति : एक परीक्षण

लोखंडी खुंटीस आपण ‘मेख’ म्हणतों तो शब्द संस्कृत ‘मयूख’ याचा अपभ्रंश आहे, असें मत संस्कृताभिमानी मंडळींत वारंवार ऐकूं येतें. आम्हीही अध्यापन करीत असतां विद्यार्थ्यांस हेंच सांगत आलों. तें मत टिकत नाहीं, हें दाखविणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

पूर्वपक्षांत तथ्यांश आहे. मयूख म्हणजे किरण हा अर्थ सर्वश्रुत आहे, परंतु ऋग्वेदांत विष्णूनें पृथ्वी ज्या मयूखांनीं सभोंवार स्थिर केली ते (७.९९.३), आणि यज्ञरूपी वस्त्र विणण्याच्या सूक्तांतील मयूख (१०.१३०.२), ह्या खुंट्याच होत. अर्थ जुळतो, आड येते ती वर्णप्रक्रिया.

बाराव्या शतकांतील हेमचंद्राच्या व्याकरणाप्रमाणें स्वरमध्यस्थ ‘ख’चा प्राकृतांत ‘ह’ होतो, आणि मयूखाचीं ‘मऊहो’ व ‘मोहो’ हीं रूपें तो स्वतःच देतो. मग मराठींत ‘ख’ परत आला कोठून? याउलट ‘कील’ शब्दांतील आद्य ‘क’चा ‘ख’ होतो, हें तो कुब्ज व कर्पर यांच्या जोडीनें एकाच सूत्रांत सांगतो. आपले खुजा, खापर आणि खिळा हे त्या सूत्राचे जिवंत साक्षी होत. खिळा घरचा ठरतो. मेख ठरत नाहीं.

मेख आली फारशींतून. खानदेशांत इ. स. १३८२ ते १६०१ पर्यंत फारुकी सुलतानांची व नंतर मोंगलांची सत्ता होती. तंबू, घोडा व छावणी यांच्या परिभाषेबरोबर ती आमच्या लोणखेड्याकडेही आली असावी. पुढें ‘मेख मारणें’, ‘ग्यानबाची मेख’ अशा प्रयोगांत ती इतकी रुजली कीं परकी वाटेनाशी झाली.

तथापि मयूखाशीं तिचें नातें तुटत नाहीं. पर्सिपोलिस येथें सांपडलेल्या, पहिल्या दरायस राजाच्या (इ. स. पू. ५२२–४८६) दाराच्या मुठीवरील प्राचीन इराणी लेखांत ‘मयूख’ हाच शब्द आहे. फारशी ‘मेख’ ही त्याची वंशज. आजचे इराणी तिचा उच्चार ‘मीख’ असा करितात, आणि ज्या कीलाकार लिपींत तो लेख आहे तिला ‘मीखी’, म्हणजे मेखांची लिपि, असें म्हणतात.

सारांश, मेख ही संस्कृत मयूखाची कन्या नव्हे, पुतणी आहे. परकी म्हणून तिला घालवूं पाहणारे आणि कन्या म्हणून मिरविणारे, दोघेही चुकतात. आमचे जुने विद्यार्थी हें वाचतील, तर त्यांनीं आमचा पूर्वीचा पाठ दुरुस्त करून घ्यावा.