लिनक्स-वितरणाची निवड : एक विचार

लिनक्स हे वस्तुतः केवळ कर्नलचे नाव होय. त्याभोवती साधने व पॅकेजे यांची जुळणी होऊन जी पूर्ण प्रणाली सिद्ध होते, तिला वितरण म्हणतात. गाभा एकच असल्यामुळे वितरणाची निवड ही निव्वळ रुचीची बाब आहे, असा समज रूढ आहे. तो ग्राह्य वाटत नाही. खरा भेद धोरणाचा असतो : कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, ते केव्हा बदलावे आणि हे कोणी ठरवावे.

या तिन्ही कसोट्यांवर, इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये आरंभिलेले डेबियन आम्हांस सरस वाटते. आर्च लिनक्समध्ये पॅकेजे अखंड बदलत राहतात. डेबियनच्या ‘स्टेबल’ शाखेत प्रकाशनानंतर मुख्यत्वे सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्याच दुरुस्त्या येतात. भाषिक सामग्रीची आज केलेली गणना वर्षाने पडताळली असता आढळणारा फरक सामग्रीतला की साधनातला, हा संशय त्यामुळे पुष्कळ उणावतो. जुन्या आवृत्त्यांवर भागवावे लागणे, हे त्याचे मोल होय.

डेबियनचा १९९७ चा सामाजिक करार मुक्त सॉफ्टवेअरची बांधिलकी सांगतो. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने तो करार सुधारून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अमुक्त फर्मवेअरला वाट दिली. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ती अमलात आली. यास कोणी तत्त्वच्युती म्हणतील. परंतु व्याकरणात अपवाद सूत्रबद्ध केल्याने नियम मोडत नाही, त्याची मर्यादा निश्चित होते. डेबियनने आपला अपवाद लेखी नोंदविला, यातच त्याच्या विश्वासार्हतेचे प्रमाण आहे.