पत्ते मांडले, पण बसायचं कुठे?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'सराईतल्या छोट्या खेळांमुळे ऑनलाइन जगातली माणसं एकमेकांच्या जवळ येतात.' गाईडनी त्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'कोण कोणाशी बोललं?' मी निरीक्षणाच्या वह्या काढून बसले. दोन दिवस. उत्तर असं निघालं की बहुतेक वेळा कोणीच कोणाशी बोललं नव्हतं. वाक्य खोडावं लागलं आणि त्याच्याबरोबर प्रकरणाचा निम्मा डोलाराही कोसळला. आज त्या खोडलेल्या वाक्याबद्दल लिहिते आहे.

थोडी पार्श्वभूमी. फँटसी गेममध्ये सराई असतेच. शेकोटी, लाकडी टेबलं, बिअरचे मग, कोपऱ्यात कोणीतरी गाणारा. २०१५ मध्ये 'द विचर ३' आला आणि त्यातल्या ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाने लोकांना वेड लावलं. नायक हरवलेल्या मुलीच्या शोधात निघालाय आणि वाटेत प्रत्येक सराईवाल्याला विचारतोय, 'एक डाव होऊन जाऊ दे?' यावर झालेले विनोद अजून संपलेले नाहीत. पण तो एकट्याने खेळायचा गेम. टेबलापलीकडचा माणूस संगणकच. अडचण सुरू होते ती हजारो खरी माणसं एकाच जगात असताना.

'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये २०२२ च्या हाय आयल या भागाबरोबर 'टेल्स ऑफ ट्रिब्यूट' आला. खेळ म्हणून तो उत्तम आहे, हे आधीच सांगते, नाहीतर कोणी म्हणेल हिला जमत नाही म्हणून टीका करतेय. (जमत नाही हेही खरं आहे.) दोन्ही खेळाडू दोन-दोन 'पेट्रन' निवडतात, त्या चौघांचे पत्ते एकत्र पिसले जातात आणि त्याच सामायिक ढिगातून दोघांनी आपापला कॅट बांधत जायचा. जिंकायच्या वाटाही एकाहून जास्त. प्रतिष्ठेचे चाळीस गुण गाठा आणि समोरच्याला पुढच्या खेळीत तुम्हाला गाठू देऊ नका, नाहीतर थेट ऐंशी करा, नाहीतर चारही पेट्रन आपल्या बाजूला वळवा. ही तिसरी वाट फार सुंदर आहे. गुणांत मागे पडलेला खेळाडू शांतपणे तीन पेट्रन फिरवून बसतो आणि पुढे असलेल्याची झोप उडते.

आता गंमत बघा. मधोमध विकत घ्यायचे जे पाच पत्ते मांडलेले असतात, त्या रांगेचं नाव आहे 'टॅव्हर्न'. म्हणजे सराई. डाव सुरू झाला की स्क्रीनवरून खरी सराई नाहीशी होते आणि उरते ती ही पाच पत्त्यांची. गॉनफलॉन बे या बंदरात खेळासाठी खास दालन उभारलंय, बघण्यासारखं. पण तिथे शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते मला दिसत नाही आणि माझ्या हातातले पत्ते माझ्या मागे उभ्या असलेल्याला दिसत नाहीत. वर डाव पंधरा-वीस मिनिटांचा, अर्धा सोडला तर हार.

आपल्याकडच्या लोकलमधला पत्त्यांचा ग्रुप आठवा. मांडीवर ब्रीफकेस आडवी, वर मेंढीकोट. तिथला खेळ काही फार थोर नसतो. पण दांडीला लटकलेला एक काका दोघांचे पत्ते बघून भुवया उंचावतो, कोणीतरी ऑफिसातलं रडगाणं गातं, ठाणं आलं की एक उठतो आणि त्याचे पत्ते उभ्यातला कोणीतरी घेतो. खेळ म्हणजे वाट बघण्यात घातलेली भर. सराईतला खेळ याच जातीचा, असं माझं मत आता झालंय: तो बघता यायला हवा, मध्येच सोडता यायला हवा आणि हात गुंतले तरी तोंड मोकळं राहायला हवं.

शेवटच्या कसोटीवर सगळ्यात मजेदार नापास होतो तो 'हार्थस्टोन'. २०१४ चा हा गेम वॉरक्राफ्टच्या जगातला सराईतला खेळ म्हणूनच रंगवलाय. दार उघडतं, सराईवाला स्वागत करतो, शेकोटी तडतडते. आणि समोर अनोळखी माणूस असेल तर त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे ठरावीक सहा वाक्यं. नमस्कार, धन्यवाद, छान खेळलात वगैरे. शिवीगाळ टाळायला हे केलं, कारण समजण्यासारखं आहे. पण गप्पा मारता येत नाहीत अशा सराईला आपण काय म्हणू? वेटिंग रूम.

या विषयावरचं संशोधन मी नीट वाचलं असतं तर माझं वाक्य आधीच खोडलं गेलं असतं. घर आणि कामाची जागा सोडून माणसं जिथे सहज जमतात, त्याला रे ओल्डेनबर्गने १९८९ मध्ये 'तिसरी जागा' म्हटलं. कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर आणि दिमित्री विल्यम्स यांनी २००६ मध्ये मांडलं की ऑनलाइन गेमही अशी तिसरी जागा होऊ शकतात. मी एवढंच उचललं. त्यांचंच पुढचं म्हणणं मी सोयीने विसरले: खेळाडू जसजसा गंभीर होतो, तसतसं हे तिसऱ्या जागेपण ओसरतं. आणि ट्रिब्यूटमध्ये आहे काय? क्रमवारी, दर्जे, बक्षिसं. म्हणजे गंभीर व्हायचं आमंत्रणच.

निकोला डुशनो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'मधल्या मद्यगृहांकडे याच नजरेने पाहिलं. (फँटसी नाही, अंतराळ. पण सराई ती सराईच.) तिथे लढाईचा थकवा उतरवायचा तर नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या खेळाडूंसमोर जाऊन बसावं लागे. कल्पना लोभस. प्रत्यक्षात अनेक कलाकार मॅक्रो लावून निघून जात आणि कॅरेक्टर आपलं नाचत राही. माणसं एका छताखाली आणता येतात, बोलती करता येत नाहीत.

'फायनल फँटसी १४' थोडा शहाणा आहे. २०१५ मध्ये त्यात आलेला 'ट्रिपल ट्रायड' तीन बाय तीनच्या पटावर पाच-पाच पत्त्यांनी काही मिनिटांत होतो. अंधारकोठडीच्या रांगेत ताटकळताना सराईतल्या एनपीसीबरोबर डाव टाकता येतो, म्हणजे वाट बघणं भरलं जातं. हा खेळ मुळात १९९९ च्या आठव्या भागातला. तिथे प्रत्येक प्रदेशाचे नियम वेगळे आणि तुम्ही फिरलात की ते तुमच्याबरोबर दुसऱ्या प्रदेशात पसरायचे, सर्दीसारखे! पत्त्यांमधून भूगोल सांगायची इतकी हुशार युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पण नव्यातही बघ्यांना जागा नाहीच.

मग गर्दी जमायची कुठे? 'ओल्ड स्कूल रूनस्केप'मध्ये, आणि तीही कोणी न सांगता. तिथे मिथ्रिल नावाचं बी पेरलं की कोणत्या रंगाचं फूल येईल ते सांगता येत नाही. खेळाडूंनी त्यातून 'फ्लॉवर पोकर' काढला. दोघांनी पाच-पाच फुलं लावायची, जोडी, तिळी, फुल हाउस बघायचं. सगळं भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पैज मात्र तोंडी, त्यामुळे पैसे धरायला तिसरा माणूस, आणि तो पळून गेला की बोंबाबोंब. याच्यावर भाबडेपणाने खूश होता येत नाही. त्याच गेममधला पैजांचा ड्युएल अरीना कंपनीने २०२२ मध्ये बंद केला. पैजेने सर्वस्व कसं जातं हे महाभारत वाचलेल्यांना मी काय सांगणार? तरी माझा मुद्दा उरतोच. पैज धोक्याची म्हणून काढली ते बरोबर, पण बघे कशाला काढले? त्यांचा काय गुन्हा?

हे मला एवढं का लागलंय तेही सांगते. एका गेममध्ये (नाव मुद्दाम लिहीत नाही) आमच्या गिल्डमधल्या एका दादाच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. लढाई बंद. तेव्हा तिथे नुकतेच पत्ते आले होते. आम्हाला वाटलं, बरं झालं, दादा सराईत बसेल, आम्ही येता-जाता भेटू. तो बसायचाही. पण डावात असला की आमच्यासाठी नुसता पुतळा, आणि आम्ही डावात असलो की त्याच्यासाठी. दोन महिन्यांनी तो यायचा बंद झाला. मी त्या काळातल्या नोंदी पुन्हा वाचल्या, तर त्याने खेळलेले डाव भरपूर होते. मी तेवढेच मोजले होते आणि 'सहभाग वाढला' असं लिहून ठेवलं होतं.

प्रकरण परत लिहायला घेतलंय. डाव किती झाले हा रकाना काढून टाकला. आता बघते आहे की डाव चालू असताना शेजारी कोणी थांबलं का, आणि थांबून काही टाईप केलं का. पहिल्या आठवड्याची वही जवळजवळ कोरी आहे. गाईडना ती तशीच दाखवणार आहे.