बीड जिल्ह्यातील ग्रंथालयसेवा आणि ऊसतोड कामगार : एक चिकित्सा

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो. त्यासाठी प्रामुख्याने ग्रंथ, नियतकालिके व सभासद यांची संख्या मोजली जाते. बीड जिल्ह्यात हा निकष तोकडा पडतो. दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, टनामागे दर काय, ही माहिती त्यांना फडावरच हवी असते. गावातील कपाटात कादंबऱ्यांची भर घालून दर्जा वाढेल. हा वाचक मात्र हिशेबात येत नाही. बडोदे संस्थानाने फिरत्या ग्रंथपेट्या विसाव्या शतकाच्या प्रारंभीच गावोगाव पाठविल्या होत्या. कोपीपर्यंत पोहोचलेली अशी पेटी दर्जा ठरविताना का धरली जाऊ नये?