तिरप्या अक्षराचा आवाज

दिवाळीच्या खरेदीत घरातल्या एखाद्या चिरंजीवांनी छातीवर लाल पट्टी असलेला सदरा पसंत केला असेल. पट्टीत पांढऱ्या, ठसठशीत, उजवीकडे कललेल्या रोमन अक्षरांत एकच शब्द असतो: ‘सुप्रीम’. न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली निघालेल्या दुकानाची ही खूण. मला मात्र दुकानापेक्षा त्या अक्षरात अधिक रस आहे.

हे अक्षर ‘फ्यूचुरा’ घराण्यातले. पाउल रेनर या जर्मन कलावंताने ते आखले व फ्रँकफुर्टच्या बाउअर ओतशाळेने १९२७ साली बाजारात आणले. (१९३३ साली नाझींनी रेनरला अटक केली, त्याची नोकरीही घालवली. अक्षरे मात्र जगभर चालत राहिली.) टोकांना शेपट्या नाहीत, वळणात लेखणीची आठवण नाही, सारा कारभार वर्तुळाचा आणि रेघेचा. पुस्तकी टाइपातला लहान ‘ए’ दुमजली असतो. तो इटॅलिक झाला की हाताने लिहिल्यासारखा एकमजली, लवचिक होतो. फ्यूचुराचा ‘ए’ मुळातच एक गोल आणि एक काठी. तो नुसता कलतो. हे कलणेही सोपे नव्हे. गोल तिरपा ढकलला की दोन कोपऱ्यांत जाडी साचते, आणि आखणाऱ्याला ती डोळ्याच्या अंदाजाने काढावी लागते. जाड अक्षराच्या पोटातली पांढरी जागाही आवळून जाते. म्हणून परिच्छेदाला हे अक्षर निरुपयोगी. पण चारपाच शब्द ते असे दरडावून सांगते की वाचणारा थबकलाच पाहिजे.

बार्बरा क्रूगर या अमेरिकन कलावतीने हा दरारा नेमका हेरला. मासिकांची पाने मांडण्याचे काम तिने केलेले. जाहिरातीचा आवाज तिच्या कानात बसलेला. १९८७च्या तिच्या प्रसिद्ध चित्रात एका हाताने लाल पत्ता धरला आहे. त्यावरच्या वाक्यात देकार्तच्या ‘विचार करतो म्हणून मी आहे’ या वचनातला विचार काढून तिथे खरेदी बसवली आहे. आवाज दुकानदाराचा आणि बोल दुकानदारीवरच उलटणारा! या विसंगतीतच त्या चित्राचे बळ आहे, असे मी समजतो.

सदऱ्यावर तेच रंग, तेच तिरपे फ्यूचुरा आहे. विसंगती तेवढी गेली. शब्दाचा अर्थ ‘सर्वश्रेष्ठ’, आणि अक्षरही तीच बढाई मारते. दोघे एकमेकांना माना डोलावतात, झाले! साम्य कितीही असो, मला ही उचल पोकळ वाटते.

आपल्या पाट्यांवरही देवनागरी अशीच जाड आणि तिरपी करण्याची हौस दिसते. रोमन अक्षर बुडाच्या ओळीवर उभे असते, त्यामुळे ते कलले की धावल्यासारखे भासते. आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले. रेषा आडवीच राहते, खाली काने तेवढे कलतात, आणि आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या वाऱ्याने एका अंगाला जाव्यात तशी ओळ दिसते. मिठाईच्या खोक्यावर ती शोभते. दरडावायचे असेल तर आपला सरळ, जाड ठसाच घ्यावा.