‘समाज’, ‘विस्थापन’ आणि ‘वेठ’ : पालघर-तारापूर परिसरातील पदवी-अभ्यासाच्या परिभाषेसंबंधी काही विचार

सामाजिक शास्त्रांच्या पदवी-अभ्यासक्रमाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा विषयांची निवड, परीक्षेची पद्धती आणि पदवीनंतरची नोकरी एवढ्यांतच आटोपते. ज्या भाषेत ही शास्त्रे शिकविली जातात त्या भाषेचे परीक्षण क्वचितच होते. आणि झालेच तर ‘पारिभाषिक शब्द कठीण आहेत’ ह्या एका तक्रारीपाशी ते थांबते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तक्रार चुकीच्या जागी बोट ठेवणारी आहे. शब्द कठीण असणे हा शास्त्राच्या परिभाषेतील दोष नव्हे. विद्यार्थ्याला जे आधीच ठाऊक आहे त्यावर परिभाषा पडदा टाकू लागली तर तो मात्र दोष होय. ह्या दृष्टीने पालघर आणि बोईसर-तारापूर हा टापू अभ्यासास फार सोयीचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्याच्या भूभागात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. किनाऱ्यावर मांगेला व इतर मच्छीमार, बागायतीत वाडवळ, डोंगरपट्टीत वारली, आणि मध्ये बोईसरच्या कारखान्यांत देशाच्या अनेक प्रांतांतून आलेला कामगार अशी येथील वस्ती आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकात जी प्रकरणे स्वतंत्रपणे येतात, ती येथे लोकलच्या एका डब्यात शेजारी शेजारी बसलेली असतात.

प्रथम ‘समाज’ हाच शब्द घेऊ. पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी समाजाला सामाजिक संबंधांचे जाळे ठरविणारी मॅकआयव्हरची सुप्रसिद्ध व्याख्या पाठ करतो. (मच्छीमाराच्या मुलाला जाळे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. परंतु ‘डोल’ कोणती आणि ‘पाग’ कोणता, कोणत्या जाळ्यात काय सापडते व काय निसटते, हे त्याचे ज्ञान त्या व्याख्येजवळ कधी आणले जात नाही.) ह्याच विद्यार्थ्याच्या घरी मात्र ‘समाज’ शब्दाचा अर्थ निराळा आहे. ‘आमच्या समाजात असे चालत नाही’, ‘समाजाचे सभागृह’, ‘समाजाची बैठक’ ह्या सर्व प्रयोगांत ‘समाज’ म्हणजे जात. पुस्तकात ज्याला ‘समुदाय’ म्हणतात त्याच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे. उलट ‘सोसायटी’ हा इंग्रजी शब्दही त्याच्या परिचयाचा आहे, पण तो मच्छीमारांच्या सहकारी संस्थेसाठी, नाहीतर बोईसरमधील इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेसाठी. म्हणजे मूळ इंग्रजी संज्ञा त्याला एका अर्थाने ठाऊक, तिचा मराठी प्रतिशब्द दुसऱ्या अर्थाने ठाऊक, आणि शास्त्राला अभिप्रेत असलेला तिसरा अर्थ ह्या दोन्हींच्या बाहेर उभा.

आता असा गोंधळ घातक आहे काय? शब्दाला अनेक अर्थ असणे ही भाषेची स्वाभाविक अवस्था आहे, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस सांगावयास नको. आक्षेप अनेकार्थतेवर नाही. ती दडपण्यावर आहे. मराठी बोलणाऱ्या माणसाच्या मनात ‘समाज’ म्हटले की जात उभी राहते, ही समाजशास्त्राच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नव्हे. किंबहुना तीच पहिल्या तासाची सामग्री व्हावयास हवी. जातीच्या पलीकडचा समग्र समाज कल्पिणे येथे का अवघड गेले, हा प्रश्न त्या एका शब्दाच्या व्यवहारात सामावलेला आहे. डॉ. केतकरांनी १९०९ साली जातिसंस्थेच्या इतिहासावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे ज्ञानकोशाच्या रूपाने मराठीतून शास्त्रचर्चेचा प्रचंड उद्योग मांडला. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९२४ पासून घुर्यांनी तो वाढविला. त्यांच्याच शिष्या इरावतीबाई कर्वे यांनी मराठीतून समाजविचार सर्वसामान्य वाचकापर्यंत नेला. एवढी परंपरा असूनही ‘समाज’ शब्दाच्या ह्या दुहेरी व्यवहाराचा विचार पदवीच्या पुस्तकात येत नाही, हे चमत्कारिक आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. तिसरा व चौथा हे ५४० मेगावॉटचे संच अनुक्रमे २००६ व २००५ मध्ये. ह्या नंतरच्या दोन संचांच्या उभारणीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे हलविण्यात आली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. ह्या घटनेला पुस्तकात ‘विस्थापन’ म्हणतात. लोक म्हणतात ‘गाव उठवले’. हे दोन शब्द केवळ संस्कृत आणि देशी एवढ्यानेच भिन्न नाहीत. ‘उठवणे’ हे ‘उठणे’चे प्रयोजक रूप. प्रयोजक क्रियापदाला कर्ता लागतो. ‘उठवले’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो. गंमत अशी की ‘स्थापन’ हे रूपही ‘स्था’ धातूच्या प्रयोजकापासूनच सिद्ध झाले आहे. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता विस्थापन करणारा कोणीतरी असावाच लागतो. परंतु मराठी कानाला हा प्रयोजक ऐकू येत नाही. तत्सम भाववाचक नाम झाले की ते ‘होते’, पाऊस पडावा तसे. ‘विस्थापन झाले’, ‘औद्योगिकीकरण झाले’, ‘नागरीकरण वाढले’ : ‘करण’ म्हणजे करणे, आणि करणारा कोठेच नाही! सामाजिक शास्त्रांच्या मराठी गद्यात ह्या ‘-करणां’ची जी दाटी झाली आहे तिचा शैलीपेक्षा विचारावर अधिक परिणाम होतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘औद्योगिकीकरणामुळे ग्रामीण जीवनात बदल झाला’ असे लिहिणारा विद्यार्थी स्वतः औद्योगिक क्षेत्रातील कंपनीत पाळी करून येत असतो. आपल्याला कामावर कोणी घेतले, ठेकेदार कोण, ‘परमनंट’ कोण आणि कंत्राटी कोण, हे त्याला नावानिशी ठाऊक असते. त्याच्या वाक्यातून ही नावे कोणी काढून घेतली?

तथापि बोलीतील शब्द घेतला की काम भागले, असा भोळा निष्कर्ष काढणेही बरोबर होणार नाही. बोलीतही ‘गाव उठले’ असा अकर्तृक प्रयोग आहेच, आणि ज्यांना कर्त्याचे नाव घ्यावयाचे नसते ते तो सोयीस्करपणे वापरतात. शिवाय पोफरणची तुलना कोयनेशी किंवा नर्मदेवरील धरणाशी करावयाची, भूसंपादनाचा कायदा समजून घ्यावयाचा, तर ‘विस्थापन’ ही सर्वसामान्य संज्ञा लागतेच. शास्त्र म्हणजे तुलना, आणि तुलनेला सामान्य नाम हवे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराविषयी किनाऱ्यावरील मच्छीमारांचा जो विरोध आहे, तो केवळ एका गावाची कहाणी म्हणून वाचला तर त्याचे शास्त्रीय मोल कमी होईल. मागणी इतकीच की सामान्य संज्ञेपर्यंत विद्यार्थी त्याच्या स्वतःच्या शब्दावरून चढत जावा. आज त्याला थेट वरच्या मजल्यावर नेऊन सोडले जाते आणि जिना दाखविला जात नाही.

तिसरा शब्द ‘वेठ’. येथे मात्र परिभाषेने केवळ पडदा टाकलेला नाही, तर एक भेदच पुसून टाकला आहे. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून प्राकृत ‘विट्ठि’द्वारा आलेला शब्द, ‘बिगार’ फारसी. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, आणि दोन्ही मिळून ‘वेठबिगार’ असा जोडशब्द झाला. भारताच्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हा शब्द तसाच ठेवलेला आहे. इंग्रजीत त्याला पुरेसा प्रतिशब्द नसावा असेच त्यावरून वाटते. डहाणू, तलासरी, पालघर ह्या भागातील वारल्यांच्या अनुभवात मात्र वेठ ही एक गोष्ट होती आणि ‘लग्नगडी’ ही दुसरी. जमीनदाराच्या जमिनीवर राहतो म्हणून मागेल तेव्हा फुकट राबावयाचे ती वेठ. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेऊन ते फिटेपर्यंत (आणि ते सहसा फिटत नसे) नवराबायकोने त्याच्याकडे राबावयाचे, तो लग्नगडी. एकाचे मूळ जमिनीच्या मालकीत, दुसऱ्याचे कर्जात. १९७६ च्या कायद्याने जेव्हा कर्जबद्ध श्रमाची पद्धती रद्द केली, तेव्हा मराठीत तिलाही ‘वेठबिगार’ म्हटले गेले. त्या कायद्याच्या व्याख्येत देशभरातील अशा पद्धतींच्या स्थानिक नावांची लांबलचक यादी आहे. तीत दक्षिण गुजरातेतील ‘हाली’ आहे, परंतु ‘लग्नगडी’ नाही. शेजारच्या हाली पद्धतीवर यान ब्रेमन यांचा १९७४ मधला ग्रंथ जगभर वाचला गेला. लग्नगड्याच्या वाट्याला ना कायद्याची यादी आली, ना तशी शास्त्रीय कीर्ती. एका शब्दाच्या गैरहजेरीने एक पद्धती अभ्यासातून किती सहज वगळली जाते, ह्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

‘खावटी’ शब्दाची वाट उलटी आहे. पावसाळ्याच्या उपासमारीच्या दिवसांत सावकाराकडून धान्य घ्यावयाचे व सुगीला वाढीव परत करावयाचे, हा तिचा जुना अर्थ. पुढे शासनाने आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना काढली आणि २०२० मध्ये खावटी अनुदान जाहीर झाले. सावकाराच्या वहीतला शब्द शासननिर्णयात आला, तो अर्थ पालटून, पण रूप न पालटता. परिभाषा घडविणाऱ्यांनी ह्या उदाहरणाकडे पाहावे. लोकांचा शब्द प्रशासनाला चालतो, मग विद्यापीठाला का चालू नये?

हे सर्व लिहिताना एका ग्रंथाचा विचार टाळता येत नाही. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४५ मधील टिटवाळ्याची किसान सभेची परिषद, त्यानंतरची झरी येथील वारल्यांची परिषद, वेठ नाकारण्याचा निर्धार आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे झालेला गोळीबार, ह्या साऱ्या घडामोडींतून गेलेल्या कार्यकर्तीचे हे लेखन आहे. मराठी विभाग ते आत्मकथनपर वाङ्मय म्हणून वाचतो, आणि सामाजिक शास्त्रांचे विभाग ते ‘साहित्य’ म्हणून बाजूला ठेवतात. दोघांचेही नुकसान होते. वेठ आणि लग्नगडी ह्या संस्थांचे कार्य कसे चाले, भीती कशी टिकविली जाई आणि ती कशी मोडली, ह्याचे इतके जवळून केलेले वर्णन मराठीत दुसरे नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

तिच्या शीर्षकाकडेही व्याकरणाच्या दृष्टीने पाहावे. ‘जागा होतो’, ‘जागा केला’ नव्हे. जागृती करावयास गेलेल्या व्यक्तीने अकर्मक क्रियापद निवडले आणि कर्तेपण ‘माणसा’ला दिले. वर ‘विस्थापन झाले’ ह्या प्रयोगात अकर्मकता कर्त्याला लपविते असे म्हटले. येथे तीच अकर्मकता मध्यस्थाला बाजूला सारून खऱ्या कर्त्याला पुढे आणते. रूप एकच, हेतू विरुद्ध. १९७५ च्या इंग्रजी आवृत्तीचे शीर्षक ‘आदिवासीज रिव्होल्ट’ असे झाले. बंड आले, कर्तृत्व आले, पण ‘माणूस’ गेला आणि त्याच्या जागी एक वर्ग आला. भाषांतरात काय हरवते ह्याचा पाठ पदवीच्या वर्गाला ह्या दोन शीर्षकांवरून एका तासात देता येईल.

अर्थात हे पुस्तक पुरावा म्हणून वाचावयाचे तर त्याच्या मर्यादा झाकून चालणार नाही. लेखिका चळवळीच्या आतली आहे. निवेदन तिचे आहे. जमीनदार येथे प्रतिपक्ष म्हणूनच येतो. शिवाय पुण्यात वाढलेल्या सुशिक्षित स्त्रीच्या प्रमाण मराठीतून वारली जीवन आपल्यापर्यंत पोहोचते, म्हणजे येथेही एक भाषांतर घडलेलेच आहे. म्हणून ते एकटे नेमू नये. सनदी अधिकारी सिमिंग्टन यांचा १९३९ चा मुंबई इलाख्यातील आदिम व डोंगरी जमातींवरील अहवाल आणि के. जे. सावे यांचा १९४५ मधला ‘द वारलीज’ हा ग्रंथ ही त्याच्या शेजारी ठेवावीत. एक शासनाचे, एक वर्णनपर अभ्यासाचे, एक चळवळीचे अशी तीन गद्ये एकाच टापूविषयी, फार तर तीन दशकांच्या अंतराने लिहिली गेलेली आहेत. तीच गोष्ट तिन्हींत कोणत्या शब्दाने सांगितली आहे हे पाहणे म्हणजेच सामाजिक शास्त्राच्या पद्धतीचा अभ्यास. तिन्हींत वारल्याने वारलीत लिहिलेले एकही नाही, हेही विद्यार्थ्याच्या ध्यानी येईल.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे : अशा वाचनाने विद्यार्थी आपल्याच गावात अडकून पडेल, स्पर्धा परीक्षेत मागे राहील. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांचे आयुष्य ज्ञानेश्वरीच्या सेवेत गेले. अतिसूक्ष्म तत्त्वविचार बोलीच्या घरगुती दृष्टान्तांतून मांडल्याने तो संकुचित झाला, असे ज्ञानेश्वरीविषयी कोणी म्हणत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात आता क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळाले आहेत, आणि विद्यार्थी प्रश्नावली घेऊन बाहेर पडू लागले आहेत. त्या प्रश्नावल्या पाहिल्यावर वरील विवेचन किती व्यवहारोपयोगी आहे हे कळते. ‘आपल्या कुटुंबाचे विस्थापन केव्हा झाले?’, ‘आपण असंघटित क्षेत्रात कार्यरत आहात काय?’ असे प्रश्न वारली किंवा मांगेली बोलणाऱ्या वृद्धेला विचारले जातात. प्रश्न विचारणारी बहुधा तिच्याच बोलीत वाढलेली असते, आणि कागदाकडे पाहून प्रमाण भाषेत बोलते. ग्रिअर्सनने १९०५ मध्ये भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वारली, वाडवळ, सामवेदी ह्या बोलींचे नमुने मराठीच्या पोटात छापले. तेथील विद्यार्थ्यांनी आज निदान प्रश्नावलीचा मसुदा दोन रकान्यांत करावा, डावीकडे संज्ञा, उजवीकडे घरचे वाक्य, आणि जेथे उजव्या रकान्यात दोन शब्द येतील व डावीकडे एकच, जसे वेठ आणि लग्नगडी, तेथे प्रश्न एक न ठेवता दोन करावेत.