फेनेलों यांचा पत्रव्यवहार : विधान आणि संबोधन

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ‘शुद्ध प्रेमा’चा जो धर्मवाद उद्भवला, त्यात कांब्रेचे आर्चबिशप फ्रांस्वा फेनेलों (१६५१–१७१५) यांचा पराभव झाला. ईश्वरावरील प्रेमाच्या परमावस्थेत स्वतःच्या सुखाचा हेतूही उरत नाही, हे मत त्यांनी १६९७ साली संतवचनांच्या विवरणग्रंथात मांडले. बिशप बोस्युए यांनी त्याला कडाडून विरोध केला. चौदाव्या लुईने फेनेलोंना दरबारापासून दूर, त्यांच्या धर्मप्रांतात राहण्याची आज्ञा केली. १६९९ मध्ये पोप इनोसंट बारावे यांनी त्या ग्रंथातील २३ विधाने दोषार्ह ठरविली. फेनेलोंनी हा निर्णय जाहीरपणे शिरोधार्य मानला.

ग्रंथ थांबला, पत्रे मात्र थांबली नाहीत. या पत्रांत निषिद्ध सिद्धान्तच आडवाटेने पुढे चालू राहिला, असे म्हणता येईल. पण तेवढ्याने पत्रांचे स्वरूप उलगडत नाही. विधान सर्वांसाठी असते. पत्र एकासाठी असते. फेनेलोंच्या पत्रांत उपदेशाचा अर्थ तो कोणाला केला आहे यावर अवलंबून राहतो.

बेनेडिक्टाइन संन्यासी फ्रांस्वा लामी यांच्याशी ते दैवनियती आणि ईश्वरी कृपा या प्रश्नांवर सविस्तर युक्तिवाद करतात. ड्यूक द शेव्हरझ या गृहस्थ मित्राला मात्र ते बजावतात, की युक्तिवादाची आवड आणि तपशिलात गुंतून पडणे हीच त्याच्या साधनेतील अडचण आहे. कार्मेलाइट भगिनी शार्लोत यांना १६९६ साली लिहिलेल्या पत्रात चिंतनप्रार्थनेचे विवेचन आहे. त्यामागे मठातील नियमबद्ध जीवन गृहीत धरलेले आहे. याउलट आपला पूर्वीचा शिष्य, राजपौत्र ड्यूक ऑफ बर्गंडी, याने मठवासीयाची भक्ती अंगीकारू नये, राजपुत्राची कर्तव्ये पार पाडावीत, असा त्यांचा आग्रह आहे. ही भूमिकांची विसंगती नव्हे. अहंकार प्रत्येकाच्या ठिकाणी वेगळ्या गुणाचा आश्रय घेतो, ही जाण या भेदामागे आहे.

तथापि या पत्रांतील ताण दुर्लक्षिता येत नाही. काँतेस द माँबरोन ही गृहस्थ स्त्री आपल्या दोषांच्या सतत शंकेने पछाडलेली होती. स्वतःकडे पाहत राहणे सोड, असे फेनेलों तिला पुनःपुन्हा सांगतात. परंतु मार्गदर्शनासाठी तिला आपल्या मनाचा वृत्तान्त आर्चबिशपांपुढे ठेवावाच लागतो. आत्मनिरीक्षणातून मुक्त करू पाहणारे पत्र त्याच आत्मनिरीक्षणावर पोसले जाते. शिवाय स्वतःच्या निर्णयावरचा विश्वास सोडून तिने विसंबायचे ते मार्गदर्शकाच्या निर्णयावर. ‘शुद्ध प्रेमा’ची खरी कसोटी येथे लागते, आणि फेनेलोंच्या सौम्य शैलीमुळे या अधिकारसंबंधाची धार झाकली जाते.

म्हणूनच या पत्रांचा संपादन-इतिहास हा केवळ ग्रंथसूचीचा विषय राहत नाही. नाव, तिथी आणि प्रसंग गाळून पत्रांतून ‘आध्यात्मिक वेचे’ काढणारा भाविक संग्राहक आणि ग्रंथातून २३ विधाने वेगळी काढणारा परीक्षक यांचे हेतू परस्परविरुद्ध असले, तरी दोघांची पद्धत एकच आहे: दोघेही वाक्याला त्याच्या संदर्भातून उचलतात. झाँ ऑर्सिबाल यांनी आरंभलेल्या आणि सहकाऱ्यांनी पूर्णत्वास नेलेल्या १८ खंडांच्या आवृत्तीने (१९७२–२००७) पत्रांना कालक्रम आणि पत्रप्राप्तकर्ते परत मिळवून दिले.

तौलनिक अभ्यासाला यातून एक निकष मिळतो. मराठीत ‘चांगदेव पासष्टी’च्या नावातच ती ज्याला उद्देशून आहे तो उरला आहे, त्याला वगळून त्या ओव्यांचे तत्त्वज्ञान सांगता येईल, पण त्यांचे पत्रपण हाती लागणार नाही. फेनेलोंच्या बाबतीत तर हानी अधिक मोठी आहे. शेव्हरझला दिलेला ‘विचार थांबव’ हा सल्ला सर्वांसाठी म्हणून छापला, की एका तर्कप्रिय मित्रावरचा उपचार बुद्धीविरुद्धचा सिद्धान्त होऊन बसतो.