लोरेटा लिन : अनुभव आणि रचना

लोरेटा लिनचे ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, नव्वदाव्या वर्षी, टेनेसीतील हरिकेन मिल्स येथे निधन झाले. त्यानंतरच्या मृत्युलेखांत एक सूर सतत ऐकू आला : ही बाई जे जगली, तेच गायली. ही प्रशंसा प्रेमापोटी आलेली आहे. तरीही ती तपासून पाहायला हवी, कारण तिच्यात कलावंताचे श्रेय नकळत काढून घेतले जाते.

केंटकीतील बुचर हॉलर ही खाणकामगारांची डोंगरवस्ती. तिथे जन्मलेल्या लोरेटाचे शिक्षण जेमतेम झाले, लग्न लहान वयात झाले, आणि विशी ओलांडेपर्यंत पदरी चार मुले होती. हे सारे खरेच आहे. पण आत्मचरित्रात तिने लग्नाच्या वेळचे वय तेरा सांगितले होते. २०१२मध्ये उजेडात आलेल्या सरकारी नोंदींनुसार ते पंधरा होते. याला खोटेपणा म्हणून मोकळे होता येईल. पण स्वतःच्या आयुष्यालाही ती कथेसारखा आकार देत होती, हे त्यातून अधिक ठळकपणे दिसते.

‘कोल मायनर्स डॉटर’ (१९७०) हे तिचे स्वतःचे गीत. वडिलांच्या मृत्यूला तेव्हा दशक उलटून गेले होते. मुळात ते बरेच लांब होते. निर्माते ओवेन ब्रॅडली यांच्या सांगण्यावरून तिने काही कडवी गाळली. उरलेल्या गीतात कपडे धुणारी आई, हिवाळ्यातले जोडे, विहिरीचे पाणी अशा मोजक्या वस्तू आहेत, आणि शेवटी गायिका रिकाम्या घरापाशी परत येते. दारिद्र्याची तक्रार कुठेच नाही. निवड आणि काटछाट केल्याशिवाय असा संयम साधत नाही.

याउलट ‘वन्स ऑन द वे’ (१९७१) घ्या. पोरांच्या गराड्यात अडकलेल्या, पुन्हा दिवस गेलेल्या गृहिणीचे हे गीत श्रोत्यांनी लोरेटाची आपबीती म्हणूनच ऐकले. ते लिहिले होते शेल सिल्व्हरस्टीन या पुरुषाने. तिच्या गळ्यातून ते तिचे झाले, ते उच्चार, ठेका आणि विनोदाची वेळ यांवरच्या हुकमतीमुळे.

अनुभवाचे मोल यामुळे कमी होत नाही. संततिनियमनाच्या गोळीवरचे ‘द पिल’ (१९७५) अनेक रेडिओ केंद्रांनी वाजवायचे नाकारले, तरी कंट्री गीतांच्या यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत पोचले. बोलणारी बाई बाळंतपणे सोसलेली आहे, हा श्रोत्यांचा विश्वास त्यामागे होता. मात्र विश्वास निर्माण करणे हेही कलेचेच काम आहे.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि ‘निरक्षर’, ‘सहजस्फूर्त’ ही विशेषणे त्यांना कायमची चिकटली. कौतुकाच्या या शब्दांआड त्यांच्या ओवीची घट्ट वीण दिसेनाशी होते. कष्टकरी बाईच्या शब्दांना आपण झऱ्याची उपमा चटकन देतो. विहीर खणावी लागते, हे मात्र विसरतो.

लोरेटाचे स्मरण करताना म्हणूनच तिला केवळ खाणकामगाराची लेक म्हणून थांबता येणार नाही. ते नाव तिने स्वतः, एक गीत घडवून, मिळवले होते.